शेजारच्या खुर्चीत सुनंदाताई

सुनंदाताई शिंगटे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते इथे इंग्लंडमध्ये, कोच स्टेशनवर, म्हणजे लांबच्या बसच्या स्थानकावर. त्यांच्या दोन्ही हातांवर मिळून पाच जाडजूड कोट होते, कारण आम्ही पाच नर्सेस त्या दिवशी भारतातून येऊन उतरलो होतो. फेब्रुवारी महिना होता. माझ्या अंगावर बार्शीच्या दुकानदाराने "इंग्लंडला आरामात पुरतोय" अशी छातीठोक खात्री देऊन विकलेला स्वेटर होता. ताईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "हा इथे ऑक्टोबरमध्ये घालतात. घे, हा कोट घाल. स्वतःचा घेतलास की धुऊन परत आण, पुढच्या बॅचला लागतो." अतिदक्षता विभागाच्या मेट्रन स्वतः आपल्याला न्यायला येतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी त्यांना नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीच्या बाई समजले आणि कोट चढवता चढवता माझी बॅग सरळ त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी गाडीपर्यंत नेली आणि त्याबद्दल आजतागायत एक शब्द काढलेला नाही.

त्या ताई आता साठीच्या उंबरठ्यावर आहेत. इथल्या मराठी मंडळाने त्यांच्यासाठी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं तेव्हा संपादकांनी मला "ताईंच्या कामाविषयी चार शब्द" लिहायला सांगितले. चार शब्दांत भागणार नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. हॉस्पिटलचं नाव मात्र लिहायचं नाही असं आमचं ठरलं आहे, आणि पुढचा मजकूर वाचल्यावर त्याचं कारण कळेल.

ताई मूळच्या सांगलीकडच्या. नर्सिंगचं शिक्षण मिरजेला झालं. लग्नानंतर इथे आल्या, सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि एकेक पायरी चढत मेट्रन झाल्या. हे सगळं त्यांच्या परिचयपत्रात आहेच. परिचयपत्रात नाही ते असं, की ताईंना गाडी मागे घेता येत नाही. त्यांच्यासाठी कार पार्कमध्ये सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येईल अशी जागा शोधावी लागते. दिवाळीला त्या लंडनच्या वेम्बलीतल्या भारतीय दुकानांतून पोहे आणून सगळ्या युनिटसाठी चिवडा करतात, आणि तो इतका तिखट असतो की आमचे गोरे कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, एक घास खाऊन "लव्हली, सुनंदा" म्हणतात आणि पाण्याच्या शोधात निघतात. मुलाखतीला जाणाऱ्या मुलीच्या पोराला दुपारभर सांभाळणं, घरमालकाशी भांडायला कुणाच्या तरी बरोबर जाणं, ही कामं त्या सुटीच्या दिवशी करतात.

युनिटमध्ये मात्र ताई वेगळ्या असतात. अतिदक्षता विभागात बरेचसे पेशंट बेशुद्ध असतात, त्यामुळे त्यांना बेडच्या नंबराने ओळखायची सवय लागायला वेळ लागत नाही. एकदा राउंडला एक तरुण डॉक्टर म्हणाले, "बेड सेव्हनची किडनी बिघडते आहे." ताई जागच्या जागी थांबल्या. त्या थांबल्या म्हणून मागचे सगळे थांबले. "बेडला किडनी नसते, डॉक्टर," ताई शांतपणे म्हणाल्या, "त्यांचं नाव काय?" डॉक्टरांना फाइल उघडून नाव बघावं लागलं. ताईंनी आवाज चढवला नव्हता, पण त्या डॉक्टरांनी पुन्हा कधी नंबर उच्चारला नाही. बेशुद्ध माणसाची कूस बदलतानाही ताई आधी त्याला नावाने हाक मारतात, आपण काय करणार आहोत ते सांगतात आणि मगच हात लावतात. पहिल्या आठवड्यात मला हे नाटकी वाटलं होतं, कबूल करते.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले ती सांगते.

मला युनिटमध्ये येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. माझ्याकडे पेशंट म्हणून एक निवृत्त बसचालक होते. त्यांचं रक्तदाब टिकवणारं औषध एका छोट्या पंपातून थेंबाथेंबाने जात होतं. असं औषध संपत आलं की दुसरी सिरिंज तयार ठेवून, मध्ये खंड न पडू देता बदलावी लागते. त्या दिवशी आलेला पंप नव्या प्रकारचा होता आणि मी तो कधीच हाताळला नव्हता. सकाळी ताईंनी जाता जाता विचारलं होतं, "मनीषा, नवा पंप आहे. जमेल ना?" मी लगेच म्हटलं, "हो, ताई."

मी "हो" का म्हटलं? आमच्याकडे मोठ्या माणसाने "जमेल ना?" विचारलं की "नाही" म्हणायचं नसतं, म्हणून. सोलापूरला शिकताना सिस्टर काही विचारायच्या तेव्हा उभं राहायचं आणि "हो सिस्टर" म्हणायचं, मग कुणाकडून तरी गुपचूप शिकून घ्यायचं. "नाही" म्हणणं उद्धटपणाचं आणि "माहीत नाही" म्हणणं नामुष्कीचं. हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

दुपारी सिरिंज बदलली. नळी जोडली, पंप सुरू केला, पण नळीवरची लहानशी कळ बंदच राहिली. औषध पुढे गेलंच नाही. पंप ओरडायला लागला. तो का ओरडतोय ते मला कळेना, म्हणून मी आवाज बंद केला आणि बटणं दाबत बसले. त्या बाबांचा रक्तदाब धाडकन खाली आला. शेजारच्या बेडवरची नर्स धावत आली, तिने कारण ओळखलं, डॉक्टर आले, आणि काही मिनिटांत दाब जागेवर आला. बाबांना कायमची इजा झाली नाही. पण ती काही मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

मी लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत, जाऊन रडले. डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाणार, व्हिसा जाणार, मी बार्शीला परत जाणार आणि आईला तोंड दाखवावं लागणार. वडील गेल्यावर आईने शिवणकाम करून मला शिकवलं. "आमची मनी गोऱ्या लोकांचे जीव वाचवती," असं ती अख्ख्या गल्लीला सांगत असे.

ताई आत आल्या, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हे बघ, आय ॲम नॉट क्रॉस, मी रागावलेली नाही. पण खरं सांग. हा पंप तू आधी कधी वापरला होतास?"

"नाही, ताई."

"मग सकाळी हो का म्हणालीस?"

ताईंनी शेल्फवरचा एक टॉवेल काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "मीसुद्धा अशीच हो म्हणत मोठी झाले. मला कळायला हवं होतं. चल, तोंड धू. पेशंटच्या मिसेस फॅमिली रूममध्ये आल्या आहेत, त्यांना सांगायचंय."

"डॉक्टर सांगतील ना?"

"डॉक्टर त्यांचं सांगतील. तुझ्या हातून झालंय ते तू सांगायचं. मी शेजारी बसते."

या देशात अशी चूक झाली की पेशंटला किंवा घरच्यांना ती उघडपणे सांगावी लागते, माफी मागावी लागते. हे मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. प्रत्यक्षात त्या खोलीत दोन निळ्या खुर्च्या होत्या आणि समोर सोफ्यावर त्या बाई होत्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगितलं. ताईंनी मला एकदाही मध्ये तोडलं नाही, माझं वाक्य सावरून घेतलं नाही. माझं संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "हिला त्या बेडवर मी ठेवलं होतं. हिला येतंय की नाही हे मी पाहायला हवं होतं. ते मी पाहिलं नाही. त्याबद्दल मी तुमची माफी मागते."

बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "या तुला इथे घेऊन आल्या नसत्या, तर तू मला सांगितलं असतंस?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, मला मदत करणार नव्हत्या. मी म्हटलं, "माहीत नाही."

"वेल, दॅट्स ऑनेस्ट, लव्ह," त्या म्हणाल्या. मिठी वगैरे काही मारली नाही. नवरा इथे आहे तोवर त्याला दुसरी नर्स द्या, अशी त्यांनी ताईंना विनंती केली आणि ताईंनी ती तिथल्या तिथे मान्य केली. मला ते लागलं, पण त्यात गैर काहीच नव्हतं. दोन आठवड्यांनी ते बाबा साध्या वॉर्डात गेले आणि तिथून घरी.

चौकशीची बैठक झाली. प्रकरण रजिस्ट्रेशनच्या संस्थेकडे पाठवावं असं एका व्यवस्थापकांचं म्हणणं होतं. ताई त्यांना म्हणाल्या, "पाठवा. मात्र माझं नाव वर लिहा आणि हिचं त्याखाली. आणि हिने स्वतः घरच्यांना सांगितलं, तेही लिहा." प्रकरण शेवटी पुढे गेलं नाही, पण ताईंनी मला पाठीशी घातलं असं कुणी समजू नये. तीन महिने मी कुणाच्या तरी देखरेखीखालीच काम केलं, पुन्हा विद्यार्थिनीसारखी, आणि हा निर्णय ताईंचाच होता. त्या तीन महिन्यांत त्यांनी माझ्याशी अवांतर गोड बोलणंही टाळलं. मला राग यायचा. आज मी स्वतः सिस्टर, म्हणजे इथल्या भाषेत शिफ्टची प्रमुख, आहे, तेव्हा तो राग कुठल्या कुठे गेला आहे.

त्यानंतर ताईंनी युनिटमधला एक प्रश्नच बंद करून टाकला. "जमेल ना?" असं आमच्याकडे कुणी कुणाला विचारायचं नाही. "करून दाखव" म्हणायचं. नव्या नर्सला पहिल्या दिवशी ताई खुर्चीत बसवतात आणि तिच्याकडून "मला हे येत नाही, दाखवा" हे वाक्य मोठ्याने वदवून घेतात. मुली लाजतात, हसतात, पुटपुटतात. ताई म्हणतात, "ऐकू आलं नाही, डिअर. अगेन." केरळच्या, फिलिपिन्सच्या, आमच्या महाराष्ट्राच्या मुलींना हे फार जड जातं, कारण सगळ्यांच्या घरी तेच शिकवलेलं. मागच्या वर्षी एका कन्सल्टंटनी नव्या यंत्रापुढे उभं राहून तेच वाक्य म्हटलं, तेव्हा ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ही चूक मी आईला कधीच सांगितली नव्हती. इतक्या वर्षांत प्रत्येक भेटीत ती माझं कौतुक करायची आणि मी मान खाली घालून ऐकायची. पण ताईंवर लिहायचं आणि हे गाळायचं, तर लिहायचं तरी काय? ग्रंथ बार्शीलाही जाणार. म्हणून मागच्या रविवारी मी आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

मग आई म्हणाली, "त्यो माणूस वाचला का?"

"वाचला, आई."

"आन् तू आजवर एकटीच घेऊन बसलीस व्हय गं हे?" मग तिने विचारलं, "तुझ्या मॅट्रनबाई किती वर्षांच्या?"

"साठ होतील."

"मंजी माझ्यापरीस लहानच. तू त्यांच्याहून लहान, तुला आशीर्वाद देता यायचा न्हाई. माझा लिही."

तेव्हा लेखाच्या शेवटी लहान तोंडी मोठा घास घेत नाही. आईने सांगितलं तसंच्या तसं लिहिते: "बाई, तुम्ही माझ्या लेकीला खरं बोलाय लावलं आन् शेजारी बसून ऱ्हायला. तुमचे हातपाय धड ऱ्हावेत, डोळे धड ऱ्हावेत, आन् माझं उरलेलं आयुष्य तुम्हाला लागू दे."

माझ्या आईने दुसऱ्या कुणाला एवढं देऊ केल्याचं मला आठवत नाही. ताई, संकोच करू नका. घ्या.