ओरोझ आके आणि बेकतुरचं हँडल

ओरोझ आके थडग्यांवरचे लोखंडी तंबू करायचे. आमचे पूर्वज लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या तंबूत राहिले. आता मेल्यावर माणसाला त्या तंबूचा नुसता सांगाडा मिळतो, लोखंडाचा, वर चंद्रकोर लावलेला. बालिकचीच्या कबरस्तानातले निम्मे सांगाडे आकेंच्या हातचे आहेत. तरुणपणी ते गोदीत वेल्डर होते, सरोवरावर चालणाऱ्या बोटी जोडायचे. पुढे देश फुटला, गोदी बंद पडली, आणि जोडलेल्या त्याच बोटी कापून भंगारात घालायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. तेही संपलं, तेव्हा ते कबरींकडे वळले. "या धंद्याला मरण नाही," असं म्हणून स्वतःच हसायचे.

त्यांच्या वर्कशॉपला लागून माझी धुरी दिलेल्या माशांची टपरी. रस्ता बूमच्या खिंडीतून येतो आणि आमच्या दोघांच्या दारावरून सरोवराकडे जातो. त्यामुळे आकेंकडे कोण आलं, कोण गेलं, सगळं मला दिसायचं.

पोट भरायचं ते कबरींवर, पण त्यांचा जीव होता मोटरसायकलीत. गोदीत असताना घेतलेली लाल जावा त्यांच्याकडे होती. टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत क्रोम, खाली माशासारखे लांबट दोन सायलेन्सर. सीटचं चामडं त्यांनी स्वतः शिवलेलं, दिव्याची कड स्वतः ठोकून काढलेली. त्यांची बायको सायकाल एजे (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही आके म्हणतो, बाईला एजे) माझ्याकडे चहाला आली की बोलायला लागायची.

"बघ जिबेक, माझ्या अंगावरचा कोट किती वर्षांचा झाला ते यांना ठाऊक नाही. त्या सवतीला मात्र दर वसंतात नवं काहीतरी लागतं."

"ती उलट बोलत नाही ना," आतून आके ओरडायचे.

बेकतुर पहिल्यांदा आला तो सुगी संपल्यावर. तिशीचा, बुरुल एजेचा एकुलता एक मुलगा, बिश्केकच्या वाटेवर मिनिबस चालवायचा. त्याने एक नवी चिनी मोटरसायकल ढकलत आणली होती. गोल दिवा, फुगीर टाकी, सगळं जुन्या घाटाचं. पण हात लावला की प्लास्टिक.

आकेंनी टाकीवर बोटाने टकटक केलं. "ही दिसायला म्हातारी आणि जन्माने परवाची. हिचं काय करू?"

"खरी करा."

"खरी हवी होती तर जुनी घ्यायचीस."

"जुनी मिळाली नाही, आके. आणि मिळाली असती तरी ती दुसऱ्या कुणाची असती. मला माझी पाहिजे."

हे उत्तर आकेंना आवडलं असावं. गाडी आत गेली.

तो हिवाळा दोघांनी त्या वर्कशॉपमध्ये काढला. बस उभी केली की बेकतुर थेट इकडे यायचा. प्लास्टिकचे मडगार्ड गेले, पत्र्याचे आले. आकेंनी टाकी कापून लांबट केली, सांधा असा घासला की बोट फिरवलं तरी कळू नये. रंगावरून आठवडाभर भांडण झालं. शेवटी ठरला खोल पाण्यासारखा हिरवट निळा. मी गरम मासे घेऊन जायचे तेव्हा दोघं गुडघे टेकून चाकाचे आरे घट्ट करत असायचे आणि एकमेकांना शिव्या देत असायचे.

एकदा मी बेकतुरला विचारलं, "अरे, दिवसभर गाडीच चालवतोस ना? पुन्हा हे वेड कशाला?"

तो हात पुसत म्हणाला, "एजे, बसमध्ये मागून चौदा जण ओरडत असतात. इथे थांब, तिथे थांब, खिडकी लाव, गाणं बदल. आई घरी सांगते लग्न कर. या एवढ्या एका वस्तूत मी म्हणेन तसा पत्रा वाकतो." मग जरा लाजून म्हणाला, "निदान आके वाकवतात."

भांडण पेटलं ते हँडलवरून. बेकतुरला हँडल अरुंद आणि खाली हवं होतं, पूर्वीच्या शर्यतीच्या गाड्यांसारखं, म्हणजे माणूस टाकीवर ओणवा होऊन बसतो.

"खिंडीतला वारा ठाऊक आहे ना?" आके म्हणाले. "रुंद हँडल हातात असलं की गाडी धरता येते. हे म्हणजे लगाम कापून घोड्यावर बसणं."

"सावकाश जाईन, आके."

"या हँडलवर कुणी सावकाश जात नाही."

पण दोन दिवसांनी त्यांनी नुसतं बघण्यापुरतं अरुंद हँडल लावलं. मी तिथेच होते. ते मागे सरले, डोळे बारीक करून बघत राहिले. गाडी एकदम बदलली होती. झेप घ्यायला दबून बसलेल्या जनावरासारखी दिसत होती.

"हेच राहू दे," आके म्हणाले.

बर्फ वितळल्यावर दोघांनी गाड्या बाहेर काढल्या. लाल जावा पुढे, निळी गाडी मागे. अख्खा बाजार रस्त्यावर आला. बुरुल एजेसुद्धा आली होती, कमरेवर हात ठेवून. "एवढं नटवलंयस लोखंडाला, एखादी मुलगी नटवून आणली असतीस तर!" असं म्हणाली खरी, पण डोक्यावरचा रुमाल सोडून तिने टाकीवरची धूळ टिपली. त्या वसंतात आकेंकडे मोटरसायकलवाल्यांची रांग लागली. सायकाल एजेला नवा कोट मिळाला, आणि तिची बोलणी जरा थंडावली.

उन्हाळा लागायच्या आत बेकतुर गेला.

खिंडीत, भर दुपारी. वळणावर डोंगराचा आडोसा संपतो तिथे वाऱ्याचा झोत आला आणि गाडी समोरून येणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात फेकली गेली. ट्रकवाल्याने चाकं पार दरीच्या कडेला घातली होती, त्याने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. पोलिसांनी वारा असं लिहिलं आणि मोकळे झाले. गावानेही वाराच म्हटलं. तो कुणाचंच ऐकत नाही, त्यामुळे त्याच्यावर ढकलणं सोपं जातं.

सातव्या दिवशी बुरुल एजे वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"ओरोझ, तंबू तूच करायचास."

"करतो, एजे."

"त्याचे मित्र म्हणतात वर मोटरसायकल कोरा. नको. चंद्रकोर पुरे."

आकेंनी तो सांगाडा इतका सावकाश केला की बघणाऱ्याला कळेना, काम चाललंय की नाही. एक एक कांब पुन्हा तापवायचे, पुन्हा वाकवायचे. नेऊन बसवला त्या दिवशी ते कबरस्तानातून चालत परतले. टेम्पोवाला बसा म्हणत होता, ते बसले नाहीत.

मग त्यांचं वागणं बदलत गेलं. जो येईल त्याची गाडी घ्यायचे, रंग द्यायचे, सीट शिवायचे, पण हँडलला हात लावायला तयार नाहीत. काराकोलहून आलेल्या एका जोडप्याने खूप विनवलं. आके म्हणाले, "रुंद राहील. नको असेल तर घेऊन जा." ते घेऊन गेले. एकाने तर तोंडावर विचारलं, "मग बेकतुरचं कसं केलंत?" आकेंनी हातातला वेल्डिंगचा मुखवटा चढवला आणि ज्योत पेटवली. हळूहळू लोकांनी तोकमोकचा दुसरा वेल्डर शोधला.

जावा कोपऱ्यात उभी असायची. आता सायकाल एजेच त्यांना म्हणायची, "अहो, जरा चक्कर मारून या. सरोवरापर्यंत तरी."

"टायरमध्ये हवा नाही."

"मग भरा की! हवेला कुणी पैसे मागतं का?"

ती माझ्याकडे येऊन रडायची. "मी तिला सवत म्हणायचे ना. ती गेली तर बरं, असं म्हणायचे."

वर्ष भरलं. वर्षश्राद्धाला बुरुल एजेने आमच्या रीतीप्रमाणे घोडी कापली, सगळ्या गावाला बोलावलं. आके गेले, सगळ्यांत शेवटी, दाराजवळ बसले. कुणाला मांसाचं कुठलं हाड वाढायचं हे वय आणि नातं पाहून ठरतं, तो मान ज्याचा त्याला मिळाला. आकेंच्या वाट्याला त्यांच्या वयाला शोभेल तोच तुकडा आला, कमी नाही की जास्त नाही. प्रार्थना झाली, माणसं उठली. मी भांडी आवरायला थांबले होते. आके बूट घालत होते, तेव्हा बुरुल एजे समोर येऊन उभी राहिली.

"ओरोझ, एक विचारते. खरं सांग. ते हँडल रुंद असतं तर माझा मुलगा वाचला असता का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा ना, वारा होता म्हणा.

आके म्हणाले, "कदाचित धरली असती त्याने गाडी."

"त्याने मागितलं होतं?"

"मागितलं होतं."

"तू नाही म्हणालास?"

"एकदा म्हणालो. मग लावून पाहिलं. फार देखणं दिसलं, एजे. मला मोह झाला."

बुरुल एजेचा हात वर गेला. मला वाटलं, मारते आता. पण तिने दाराची चौकट धरली. "जा," ती म्हणाली. "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." मग तिने त्यांच्या घरी न्यायच्या मांसाची पुरचुंडी त्यांच्या हातात दिली, कारण श्राद्धाहून कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

त्यानंतर आजवर ती त्यांच्याशी बोललेली नाही. बाजारात समोरून आले तर रस्ता ओलांडते. मी एकदा आकेंना म्हटलंही, "थोडं खोटं बोलला असता तर काय झालं असतं? तिलाही बरं, तुम्हालाही."

"तिला बरं वाटलं असतं का, जिबेक?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

पानगळीत सरोवराच्या उत्तर काठावरच्या एका हॉटेलवाल्याने जावा विकत घेतली. दाराशी शोभेला ठेवायला, इंजिन नसलं तरी चालेल म्हणाला. आकेंनी इंजिन उतरवू दिलं नाही. तेल बदललं, टायरमध्ये हवा भरली, क्रोम पुसलं आणि जावा ट्रकवर चढवताना खालून धरून राहिले. ट्रक निघून गेला तरी सायकाल एजे रस्त्यावरच उभी होती. आके आत गेले. दुपारपर्यंत नव्या सांगाड्याच्या चार कांबा त्यांनी वाकवून ठेवल्या होत्या.