सायानं नाव का घेतलं नाही

"मॅडम, ही बाई नवऱ्याला नावानं हाक का मारत नाही?"

मुंबईहून फोन, आम्हाला काम देणाऱ्या सामंत सरांचा. मी परभणीच्या स्टुडिओत पंखा बंद करून बसले होते. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. स्टुडिओ म्हणजे तरी काय, औषधाच्या दुकानावरची एक खोली आणि भिंतींना ठोकलेल्या गाद्या.

"लग्न झालंय ना सर त्यांचं," मी म्हणाले.

"मॅडम, ते जपानी आहेत."

माझं काम डबिंगचं. जिंतूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर शिकले. परक्या भाषेतल्या मालिकेचे संवाद मराठीत लिहायचे, तेही पडद्यावरचं तोंड जेवढा वेळ उघडं राहील तेवढ्याच मापाचे. याला लिप-सिंक म्हणतात. ही मालिका जुनी, जपानी कार्टूनची. डोंगराएवढे यंत्रमानव, त्यांच्या पोटात बसून लढणारी माणसं आणि दोन ग्रहांचं न संपणारं युद्ध. त्यात रेन नावाचा पायलट आणि शत्रूकडची साया यांचं जमतं. एकविसाव्या भागात दोघं खंदकातच लग्न करतात.

तिथून पुढं मी सायाच्या तोंडी "अहो" घातलं. ठरवून नाही, हातच तसा चालला. सायाचा आवाज देणाऱ्या वनितालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वनिता ताडकळसची, घरी शेळ्यामेंढ्या. माळावर पांगलेल्या मेंढरांना हाका मारून कमावलेला आवाज. हे तिचं पहिलंच मोठं काम.

आम्हाला भाग पाच-पाच करून येत. त्यामुळं शेवट मला ठाऊक नव्हता. तो सरांनी सांगितला. शेवटच्या भागात रेन बेशुद्ध पडतो आणि त्याचा यंत्रमानव पिसाळून आपल्याच माणसांवर चालून जातो. तेव्हा म्हातारा इंजिनिअर सायाला म्हणतो, "तू रोज त्याला नावानं हाक मारतेस. हे यंत्र ती ऐकत आलंय. थांबलं तर त्याच हाकेनं थांबेल."

आणि आमच्या सायानं लग्नानंतर सतरा भागांत एकदाही नाव घेतलं नव्हतं.

"चार दिवस देतो," सर म्हणाले. "सगळ्या हाका बदला. नाहीतर साया पहिल्या भागापासून इकडं दुसऱ्या मुलीकडून करून घेतो."

चूक माझी आणि पुसला जाणार वनिताचा आवाज. मला फार वाईट वाटलं.

तिला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "समदं परत बोलायचं का, बाई? बोलू की."

मग तीन दिवस तेच. सीन लावायचा, "अहो" शोधायचं, काढायचं, तिथं "रेन" भरायचं. लाईट गेली की थांबायचं. घामानं हेडफोन कानावरून घसरायचे. माझे डोळे चुरचुरायचे, वनिताचा घसा बसायचा. ती गरम पाणी प्यायची आणि परत माईकपुढं उभी राहायची. लहानसहान हाका जमल्या. चौथ्या दिवशी शेवटची हाक आली आणि गाडी अडली. आठ टेक झाले. हाक हजेरी घेतल्यासारखीच येत होती.

"तुझ्या नवऱ्याला मारतेस असं समज," मी म्हणाले.

"त्येंचं नाव मी घेत न्हाई, बाई. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तुमी घेता का?"

मी मशीन बंद केलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. चार वर्षांपूर्वी दवाखान्यात आमचे हे डोळे मिटून पडले होते. नर्स म्हणाली होती, "नावानं हाक मारा, कधीकधी ऐकू जातं." तीस वर्षांच्या संसारात तोंडाला वळणच नव्हतं. मी "अहो, अहो" करत राहिले. ते कुणीही कुणालाही म्हणतं. दुपारी ते गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वनिताला सांगितलं.

"आता घ्या की," ती हळूच म्हणाली.

मी घेतलं. मोठ्यानं, एकदाच. मग रडू आवरेना.

वनितानं माझा हात दाबला आणि माईकपुढं उभी राहिली. म्हणाली, "चालू करा, बाई." नवव्या टेकला तिनं रेनला अशी हाक मारली, की लिप-सिंकचं माप बघायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. ते बरोबर बसलं होतं.

संध्याकाळी सरांचा मेसेज आला, "अप्रूव्ह्ड." पुढंमागं काही नाही. साया वनिताच्याच आवाजात राहिली.

खाली तिचा नवरा मोटरसायकलवर वाट बघत होता. "आवो, काढा गाडी," वनितानं जिन्यातूनच हाक दिली. मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार?

तेव्हापासून नवं काम आलं की मी आधी शेवटचा भाग मागून घेते. सर कुरकुरतात, म्हणतात सगळं आधी बघायला वेळ कुठं असतो. नसतोच. तरी मागते. शेवट कळल्यावर हाक बदलायला फार त्रास पडतो, आणि सगळीकडं रिटेक मिळत नाही.

यांचं नाव भास्कर होतं.