वन्संच्या गोळ्या आणि माझा गूळ

आजारी माणसाचं औषध मी एकदा बंद केलं होतं. चुकून नाही, विसरून नाही. पूर्ण शुद्धीवर, डोक्यावर पदर घेऊन आणि स्वतःला फार हुशार समजून. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, तळेगावच्या शाळेतून सातवी पास. एवढ्याशा शिक्षणावर बाई किती मूर्ख होऊ शकते, ते आता ऐका.

पन्नास सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन मी निघोज्यात आले. नवरा पिंपरीला कारखान्यात, आठवड्याने घरी यायचा. घरात सासूबाई आणि माझी थोरली नणंद. वन्संना फेफरं यायचं. तेवढ्यासाठी सासरच्यांनी त्यांना, बाजारात दात बघून बैल परत करावा तसं, माहेरी आणून सोडलं होतं.

फेफऱ्यावर आमच्याकडे उपाय ठरलेला: कांदा फोडून नाकाला लावायचा. चाकणच्या शिवारात कांद्याच्या ढिगावर बसून दिवस काढणारी बाई, आणि तिला शुद्धीवर आणायला आणखी एक कांदा! असं हे शहाण्यांचं घर. त्यात मी भर घातली.

पुण्याच्या डॉक्टरांनी वन्संना गोळ्या दिल्या होत्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. वाचता येणारी घरात मीच, म्हणून बाटली माझ्या ताब्यात. महिन्याभरात मी स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजायला लागले. गोळी कडू, म्हणून गुळाच्या खड्यात खुपसून द्यायची.

गोळ्यांनी झटके थांबले, पण वन्सं कायम दमलेल्या. भाकरी थापता थापता हात थांबायचा. विहिरीवरून एक घागर आणली की ओट्यावर बसून राहायच्या. म्हणायच्या, “अंगात वाळू भरल्यावानी वाटतं गं.” मी मनात म्हणायची, वाळू कसली, आळस! शेजारची म्हातारी तर तोंडावर बोलायची, “खायाला हाय, झोपायला हाय, आनिक काय पायजे हिला?” आणि मी सातवी पास, तिच्यासमोर नंदीबैलासारखी मान हलवायची.

नवरा गोळ्या आणायला पुण्याला गेला की डॉक्टर विचारत, “झटका आला का?” हा सांगे, “नाही.” संपली तपासणी. बाई दिवसभर पेंगते का, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही.

कांदा निघाला. विळ्याने पात कापायला बायका रांगेत बसल्या. सगळ्यांत मागे मी. बोटं कापून घ्यायची, डोळे पुसायची आणि मनात जळायची की वन्सं तेवढ्या सावलीत बसून डुलक्या घेतात. मग डोक्यात प्रकाश पडला: गोळ्यांनीच झोप येते, तर गोळ्या कशाला? दुसऱ्या दिवसापासून मी नुसता गूळ द्यायला लागले.

दोन दिवस फरक नाही. तिसऱ्या दिवशी वन्सं माझ्याआधी उठल्या. स्वतःची वेणी स्वतः घातली. शेतात बसल्या आणि माझा ढीग संपवून सासूबाईंच्या ढिगाला हात घातला. मधेच उठून आपल्या सासूची चाल करून दाखवली. बायका हसून हसून लोळल्या. वन्सं म्हणाल्या, “व्हय गं, अशीच चालायची ती भवानी, कंबरंत उसण भरल्यावानी!” एवढ्या बोलक्या वन्सं मी पहिल्यांदा पाहिल्या. आणि पदराआड कोण फुगत होतं? मी. पुण्याच्या डॉक्टरांना जमलं नाही ते निघोज्यात गुळावर करून दाखवलं म्हणून.

सहाव्या दिवशी विळा हातात असतानाच त्यांना झटका आला. तळहात चिरला. तो झटका थांबेपर्यंत दुसरा. कोणीतरी इमानदारीत कांदा फोडला. बैलगाडीत घालून चाकणला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या चालू आहेत ना?” मी म्हणाले, “हो.” बघा माझी हिंमत! त्यांच्यासमोर तिसरा झटका आला तेव्हा माझं तोंड उघडलं. सासूबाईंनी तिथेच पाठीत धपाटा घातला. त्या घराने केलेला तेवढा एकच उपचार योग्य जागी बसला.

वन्सं वाचल्या. पण आठ दिवस नुसत्या पडून होत्या. मी चमच्याने पेज भरवायची, आणि दोन घासांच्या मध्येच त्यांना झोप लागायची. हा आळस नव्हे, हे कळायला मला तो चमचा हातात धरावा लागला.

नवव्या दिवशी त्या भिंतीला टेकून बसल्या. मी गुळात गोळी घालून पुढे धरली आणि रडत म्हणाले, “वन्सं, मी तुम्हाला फसवलं.” त्यांनी खडा तोंडात टाकला, कडू तोंड केलं, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या:

“गूळ कडू लागला न्हाई, तवाच वळाखलं व्हतं म्या. पर डोकं असं लख्ख झालं व्हतं, की मीच गप ऱ्हायले. आता रोज दे गोळी. आन् तुझा नवरा पुण्याला जाईल तवा त्याला सांग, म्हनावं झटक्याचं सांगतूस तसं ही दिसभर मेल्यावानी दमती, ते बी सांग डागदरला. काय कमी-जास्त करायचं ते त्यो करंल. तू न्हाई. आन् तुला माझं काय चोरायचंच असंल, तर सातवी पास बाई, पुढच्या टायमाला मला इचारून चोर.”