चेटकिणीचा मामा

एल्सी थ्रेलफॉल गिरणीत मागावर काम करायची आणि स्वतःला चेटकीण म्हणवायची. दोन्ही अगदी उजळ माथ्याने. इंग्लंडमधल्या रॉसेंडेलच्या खोऱ्यात तिने उभं केलेलं चेटकविद्येचं मंडळ तिच्याच नावाने, थ्रेलफॉल मंडळ म्हणून, ओळखलं जाई. पौर्णिमेला ही माणसं टेकडीवर जमत, चंद्राला हाका घालत आणि उतरताना चिप्स खात घरी येत. पाद्रीबुवांनी तिच्याविरुद्ध प्रवचन ठेवलं, तेव्हा ती मुद्दाम पुढच्या बाकावर जाऊन बसली होती.

विद्या घरातली, आईच्या आईकडून आलेली, असं ती सांगे. ऑग्डेन आजी मंत्र पुटपुटून चामखीळ घालवायची, भाजलेल्याची आग शमवायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यामुळे कुणी खोलात शिरलं नाही.

शिरला तो प्रिडो. दक्षिणेकडच्या एका बड्या मंडळाचा प्रमुख, धंद्याने जुन्या सामानाचा व्यापारी. शनिवारी दुपारी एल्सीच्या घरी, सगळ्या मंडळासमोर चहा घेताना, जुन्या कपाटाची वाळवी दाखवावी तसा तो म्हणाला, "बाई, विद्या बाईकडून पुरुषाला जाते आणि पुरुषाकडून बाईला. हा नियम तुम्हीही पाळता. मग आजीने नातीला दिली कशी? तुमची परंपरा पहिल्याच पायरीला मोडलीय."

उपायही तो घेऊनच आला होता. एल्सीने त्याच्याकडून नव्याने दीक्षा घ्यायची आणि मंडळाने त्याचं नाव लावायचं.

विल्फ्रेडने कप खाली ठेवला. बस कंडक्टर असलेल्या विल्फ्रेडला एल्सीने सगळ्यात आधी दीक्षा दिली होती. त्याने बायकोला दिली, तिने पुढे आणखी कुणाला. "एल्सी, म्हणजे तू मला जे दिलंस ते सगळं फुकाचंच?"

एल्सीचे कान लाल झाले. उत्तर तिच्याकडे होतं, पण त्या उत्तराला बियरचा वास येत होता. आजीने नियम काटेकोर पाळला होता. पोरींना बाजूला ठेवून तिने विद्या एकुलत्या एका पोराला दिली, जेबेझला. त्या पोराने चॅपलच्या, म्हणजे गल्लीतल्या प्रार्थनाघराच्या, छपरावरचे शिशाचे पत्रे चोरून विकले, तुरुंगाची हवा खाल्ली आणि बाहेर आल्यावर बाटलीला जवळ केलं. एल्सीच्या आईने सख्ख्या भावाचं नाव घेणंच टाकलं. एल्सी मात्र चोरून त्याच्या कबुतरांच्या खोपटात जाऊन शिकली. पुढे मंडळ काढताना तिनेही मामाला गाळलं, कारण चोराच्या शिष्येकडे कोण येणार? आणि तो, त्याच गल्लीत राहून, एका शब्दाने बोलला नव्हता. एल्सीला स्वतःचीच शरम वाटली.

"कुणी उठायचं नाही. आलेच मी," ती म्हणाली आणि कोट न घालताच बाहेर पडली.

परतली ती म्हाताऱ्याला दंडाला धरूनच. त्याच्या पायात सपाता, जाकिटाला कबुतरांची पिसं. तिने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं.

"हा माझा मामा, जेबेझ ऑग्डेन. चॅपलचं शिसं चोरलं ते यानेच, आणि दारू अजून सुटलेली नाही. आजीने विद्या याला दिली, याने मला. कुणाला लाज वाटत असेल त्याने दार ओढून घ्यावं."

"दिली कसली!" जेबेझ म्हणाला. "डोकेफोड केली नुसती. हिच्याआधी माझी कबुतरं शिकली असती मंत्र!"

विल्फ्रेडला हसू फुटलं. त्याने आपला कप परत उचलला.

प्रिडोच्या डोळ्यांत मात्र व्यापारी जागा झाला. अस्सल माल! त्याने खुर्ची पुढे ओढली. "ऑग्डेनसाहेब, तुमच्या आईचे मूळ शब्द मला सांगाल?"

"सांगितले असते की," जेबेझने आल्याच्या केकचा लचका तोडला. "पण तुम्ही पुरुष आणि मीही पुरुष. कसं जमायचं? हिच्याकडे मागा बुवा."

प्रिडोने खरंच मागितलं. सगळ्यांदेखत, अगदी आर्जवाने मागितलं.

"नाही," एल्सी म्हणाली. "आणि तुमचं नावही नको आम्हाला. थ्रेलफॉल तर माझ्या नवऱ्याचं नाव, त्याचा या विद्येशी काय संबंध? आजपासून हे ऑग्डेन मंडळ. चोरासकट."

जेबेझने केक बशीत ठेवला. जाकिटावरची कबुतरांची पिसं त्याने एकेक करून वेचली आणि तो खुर्चीत ताठ बसला.