पिस्तुलाला लावलेलं कुंकू

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावच्या हॉस्पिटलात रक्त तपासणं ही माझी नोकरी, आणि लढाईतली जुनी लष्करी पिस्तुलं जमवणं हा छंद. सगळी लायसन्सची, निकामी केलेली, तिजोरीत कुलूपबंद. आईला हे कधीच पटलं नाही. "लोकांच्या मुली पैठण्या जमवतात," ती म्हणायची. थोड्या दिवसांसाठी आलेली आई करोनामुळे विमानं बंद झाल्यावर माझ्याकडेच अडकली होती, त्यामुळे हे वाक्य मला रोज ऐकायला मिळे.

पिस्तूल नुसतं मिळवण्यात मला मजा नाही. ते कुणाच्या कमरेला होतं, तिथून कुठे कुठे फिरलं, हे शोधायला लागले की मला तहानभूक राहत नाही. त्या वर्षी जवळच्याच एका शेतावरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मला एक मिळालं. आधीच्या कुणा शहाण्याने ते घासून लख्ख केलं होतं. चकाकी आली आणि खुणा गेल्या. अशा माणसांना मी मनातल्या मनात फार वाईट शिव्या देते.

कुंपणापलीकडे ऐंशीचे एक ऑस्ट्रेलियन आजोबा राहायचे, शेती विकून गावात आलेले. त्यांचं शेत त्याच भागातलं. नव्या पिस्तुलाबद्दल मी सांगितलं तेव्हा ते कुंपणाजवळ आले. मग म्हणाले, "मुठीच्या तळाशी बघशील का?"

आजोबा चार-पाच वर्षांचे असताना त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धावरून आपलं पिस्तूल घेऊन परतले आणि लवकरच वारले. हे असलं घरात नको म्हणून आजोबांच्या आईने ते कुणाला तरी देऊन टाकलं. आजोबांना वडिलांची एकच आठवण होती. वडील त्यांना मांडीवर घेऊन मुठीच्या तळाशी कोरलेल्या खुणेवरून त्यांचं बोट फिरवायचे. घरच्या गुरांवर डागायचे तीच खूण, घोड्याचा नाल आणि खाली एक रेघ.

"मोठा भाऊ म्हणायचा, हे तू मनानेच रचलंयस," आजोबा म्हणाले. "आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

मी भिंगातून पाहिलं, दिवा तिरका धरून पाहिलं. काहीच नव्हतं. त्यांना ते सांगताना मला फार वाईट वाटलं. ते "नो वरीज" म्हणाले आणि टोमॅटोंना पाणी घालायला गेले.

दसऱ्याच्या सकाळी तेल द्यायला मी पिस्तुलं जेवणाच्या टेबलावर मांडली होती. फोन आला म्हणून जरा पाठ वळवली, तेवढ्यात आईने ओळीने सगळ्यांना हळदकुंकू लावलं. आमच्या छंदात धातूला उघडं बोट लावणंसुद्धा पाप, घामाने गंज चढतो. मी किंचाळलेच.

"आई! अगं, काय केलंस हे?"

"शस्त्रपूजा. इतकी वर्षं सुरीकात्रीवर भागवलं. आज घरात खरी शस्त्रं असताना ती तशीच कोरडी ठेवू?"

आणि आईने हात आखडता घेतला नव्हता. ओल्या तेलात कुंकू कालवलं जाऊन सगळा लाल चिखल झाला होता. तणतणत मी फडक्याने पुसायला लागले. ते नवं पिस्तूल उलटं करून मुठीचा तळ पुसला. धातू स्वच्छ झाला, पण केसासारख्या बारीक लाल रेघा काही निघेनात. एक नाल. खाली एक रेघ.

मी मागच्या दारातून आजोबांना हाक मारली. ते पाणी घालायची झारी हातात घेऊनच आले. काय झालं ते मी सांगितलं आणि मुठीचा तळ त्यांच्यासमोर धरला. त्यांनी झारी खाली ठेवली. मग त्यांनी बोट टेकवलं आणि नालावरून सावकाश फिरवलं. खालच्या रेघेपर्यंत आल्यावर ते थांबलं.

"म्हणजे त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं," ते म्हणाले.

"काय म्हणाले गं?" आईने विचारलं. मी तिला सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "बघ! आणि तू मला ओरडत होतीस."

आजोबांच्या बोटाला कुंकू लागलं होतं. मी सवयीने फडकं पुढे केलं, तर त्यांनी हात मागे घेतला.