आत्याची साक्ष

"या बायांना जमीन कशाला पाहिजे? हिरडा गोळा करायला अख्खं जंगल पडलंय की."

भर कोर्टात भावाचा वकील माझ्याबद्दल असं बोलला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी दटावलं तेव्हा कुठे थांबले. हसणाऱ्यांत माझा सख्खा धाकटा भाऊही होता. त्याला कडेवर घेऊन मी हिरडा वेचला आहे.

आमचं गाव डिंभे धरणाच्या वर, डोंगरात. नवऱ्यानं टाकलं तशी मी माहेरी आले. वडील होते तोवर ठीक चाललं. ते गेले आणि भावानं मला गोठ्याच्या पडवीत काढलं. आवणीला मात्र मी हवी. चिखलात वाकून भात लावायला बहीण, आणि वाटा मागितला की परकी. मी फक्त एक खाचर मागितलं, पोटापुरतं. तो नाही म्हणाला. मी दावा लावला.

हिंदू वारसा कायदा आम्हा आदिवासींना लागू नाही. पण देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टानं निकाल दिला, की आदिवासी मुलीला हिस्सा नाकारायचा असेल तर तशी रूढी आहे हे आधी सिद्ध करा. माझ्या वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, जिंकलो. तो निकाल आमच्या तालुक्यात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

माझ्या बाजूनं साक्षीला आत्या आली, वडिलांची थोरली बहीण. भावाच्या वकिलानं तिला गोड आवाजात विचारलं, आजी, तुम्ही कधी भावाकडे हिस्सा मागितलात का?

आत्या ताठ झाली. पदर सावरून म्हणाली, "न्हाई. आमी कवाच भावाफुडं हात पसरला न्हाई. आमच्यात बाया मागत न्हाईत."

हीच ती रूढी, साहेब, असं म्हणून वकील हसला आणि मग ते हिरड्याचं बोलला. आत्यानं जन्मभर जे अभिमानानं मिरवलं, तेच त्यानं माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं.

आधी मला आत्याचाच संताप आला. मग लाज वाटली. न मागणं तिला शिकवलं कुणी? मागितलंस तर माहेर तुटेल, या धमकीनं. पिढ्यान्‌पिढ्या बायांना धमकावायचं, आणि त्या गप्प बसल्या की त्याला रूढी म्हणायचं. आत्याचा हिस्सा गेला कुठे? माझ्या बापाच्या घशात. त्या जमिनीचा भात खाऊनच मी वाढले.

बाहेर आवारात भाऊ नवी साडी घेऊन आला. सोबत गावातली दोन जाणती माणसं. ही नेस, दावा काढून घे, दिवाळीला माहेर उघडं आहे, म्हणाला.

मी म्हणाले, "साडी तुज्या बायकूला ने. मला खाचर पायजे."

आत्या पायरीवर बसून ऐकत होती. आपल्या बोलण्याचा अर्थ काय लावला गेला, हे वकीलबाईंनी तिला समजावलं होतं. मग तिनं मला विचारलं, "माजं बी व्हतं का गं त्यात?"

व्हतं, मी म्हणाले.

आता आत्याचाही दावा लावायचा आहे, माझ्या बापाच्या जमिनीवर. इतक्या उशिरा तो टिकेल का, याची वकीलबाईंनाही खात्री नाही. टिकला तर माझा वाटा घटेल. घटू दे. पुढच्या तारखेला आम्ही दोघी जाणार आहोत, आणि या वेळी आत्या मागणार आहे.