न विकायची गादी

गाद्यांच्या त्या दुकानात मधलेभाऊंचा शब्द चाले. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. तीन गाद्या दाखवायच्या आणि गिऱ्हाइकाच्या गळी हमखास मधली उतरवायची, यात त्यांचा हातखंडा होता, म्हणून मालकांनीच हे नाव पाडलं होतं.

रीत सोपी होती. दारातून आत आलं की समोर चौथऱ्यावर सगळ्यात महागडी गादी. तिच्या पाटीवर जुनी किंमत लाल रेघेने खोडलेली, खाली नवी. ती जुनी किंमत आजवर कुणीच मोजलेली नव्हती. ती लिहायची ती खोडण्यासाठीच. नवीही ऐकून गिऱ्हाईक दचकलं, की भाऊ त्याला कोपऱ्यातली स्वस्त गादी दाखवत. तिथला दिवा मुद्दाम मिणमिणता, आणि गादी अशी की बसलं की थेट फळी लागावी. मग हळूच मधली. माणसाचा जीव भांड्यात पडे. तिचा भावही चांगला चढाच असे, पण चौथऱ्यावरून उतरलेल्या डोळ्यांना तो दिसत नसे. "किती वाचले बघ," असं नवरा बायकोला ऐटीत सांगायचा. एकदा एका हौशी माणसाने चौथऱ्यावरचीच उचलली, तर मालक आठवडाभर फुगून बसले. आता तिथे ठेवायचं काय?

"मी कुणावर लादत नाही," भाऊ म्हणत. "मी दाखवतो, निवडतात ते." आणि हे ते मनापासून म्हणत, हीच तर पंचाईत.

वडील गेल्यावर आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या बैठ्या घरात एकटी राहत होती. एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडली. तिला आपल्या जवळ आणून ठेवावं असं भाऊंनी ठरवलं. काळजी होतीच, पण दर सुट्टीला दोन बस बदलून तिकडे जायचा त्यांना कंटाळाही आला होता. त्याच सुमारास जवळच्या दवाखान्यातली एक नर्सबाई त्यांना गाठून म्हणाली, "तुमच्या आईंची मागची खोली मला भाड्याने द्याल का? रात्री त्यांना सोबत होईल." भाऊंनी "आईला भाडेकरू नको आहे" असं ठोकून दिलं. आईला त्यांनी विचारलंही नाही.

मग त्यांनी तिला आपल्या घराजवळच्या खोल्या दाखवल्या. पहिली ऐसपैस, पण भाडं ऐकूनच आईने कपाळाला हात लावला. दुसरीच्या भिंतींना ओल, आणि खिडकी उघडली की गटार. तिसरी लहानशी, तळमजल्यावरची, उजेडाची. "हीच," आई म्हणाली. "त्या दोघींपेक्षा ही लाख पटीने बरी." मागचं दार असलेलं तिचं स्वतःचं घर त्यांनी निवडायला मांडलंच नव्हतं. पुढे ते विकलं गेलं.

भाऊंची चूक त्यांना कुणी सांगितली नाही. एका सकाळी ते आईकडे गेले तेव्हा ती चहाचा कप घेऊन सवयीने मागच्या दाराकडे निघाली. जुन्या घरात ती मागच्या पायरीवर बसून चहा प्यायची. इथे चार पावलांवर भिंत आली. ती थांबली, स्वतःशीच हसली आणि खाटेवर येऊन बसली. आयुष्यभर परक्यांना फसवलं त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, आणि आता त्याच हाताने आपण आईला गंडवलं, हे त्यांना लख्ख दिसलं. पण घर परत आणणार कुठून?

शेजारीण आली तशी आई कौतुकाने सांगू लागली, "मुलाने अजिबात जबरदस्ती केली नाही हो. तीन खोल्या दाखवल्या, मीच निवडली."

शेजारीण गेल्यावर तिने कप धुऊन पालथा घातला. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "काय रे, तिकडे मागच्या खोलीत राहायला कुणी मिळालं असतं, तर मी हलले नसते. पण कुणी आलंच नाही ना विचारायला?"

आता खरं सांगावं, असं भाऊंना फार वाटलं. पण खरं सांगितलं तर 'मीच निवडली' एवढं जे तिच्याजवळ उरलं होतं, तेही जाणार होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "कुणीच नाही."

"मग काय," आई म्हणाली. "त्या मानाने ही चांगलीच निघाली."

गाद्या घेऊन गेलेली गिऱ्हाइकं परत भेटली की अगदी हेच म्हणत, आणि भाऊ त्यांना हसून नमस्कार करत.